काचेतला भोंगा

मेडिंगचं पातेलं जागेवर नव्हतं. दाराशेजारच्या लाकडी चौथऱ्यावर तिच्या नावाची पाटी तेवढी होती.

पासिताचा भोंगा मात्र दालनाच्या मधोमध, काचेच्या पेटीत, वर खास दिवा लावून ठेवलेला. मारिकिना शहरातल्या बुटांच्या कारखान्यात दोघी एकाच बाकावर बसून बुटांचे तळ चिकटवायच्या. संप झाला तेव्हा पासिता फाटकासमोर त्या भोंग्यातून गरजली आणि मेडिंगने मागे चुलीपाशी बसून सगळ्यांसाठी आल्याची पेज ढवळली. वर्तमानपत्रात फोटो कुणाचा आला? पासिताचा. मालक नमला तेव्हा लोकांनी खांद्यावर कुणाला घेतलं? पासितालाच. संपाला चाळीस वर्षं होत आली, पण मेडिंगच्या पोटातलं दुखणं काही थांबलं नव्हतं.

आज त्या संपाचा दिवस म्हणून आंदोलनांच्या या संग्रहालयाने जुन्या कामगारांना बोलावलं होतं. पासिता आधीच येऊन पेटीसमोर पाठमोरी उभी होती. या वयातही केस काळेभोर करून आलेली. ‘घे बाई, डोळे भरून बघून घे स्वतःचं कौतुक,’ मेडिंग पुटपुटली.

संग्रहालय सांभाळणारी दालिसाय लगबगीने आली आणि थोरांना नमस्कार करायच्या रीतीप्रमाणे वाकून तिचा हात आपल्या कपाळाला लावू लागली. मेडिंगने हात मागे ओढला.

“माझं पातेलं कुठाय?”

“बाहेर गेलंय, आजी.”

“बाहेर? भंगारात घातलंत म्हण की सरळ! त्या भवानीचा भोंगा काचेत, आणि माझं भांडं उकिरड्यावर! परत दे मला ते. कोंबड्यांना पाणी ठेवीन त्यात.”

दालिसायला हसू आलं. “आजी, तुम्ही पातेलं दिलंत त्या दिवशी मी आमची तत्त्वं वाचून दाखवली होती. विसरलात?”

ऐकली असती तर विसरली असती. त्या दिवशी शेजारच्याच टेबलावर पासिता मखमलीच्या फडक्यातून भोंगा सोडवत होती. मेडिंगचे डोळे तिकडे आणि मान इकडे डोलत होती.

“इथली कुठलीच वस्तू निवृत्त झालेली नाही,” दालिसाय म्हणाली. “जो लढायला उभा राहील त्याने ती मागावी, वापरावी, आणून द्यावी. आणि वस्तू ज्याची, अटी त्याच्या. तुम्हाला परत हवं असेल तर देऊ आम्ही. पण ते इथे असतं कुठे! बिल्डर खाडी बुजवायला निघाले तेव्हा कोळ्यांनी नेलं. मग नर्सांनी. सध्या जीपवाल्यांचा संप चाललाय, त्यांच्याकडे आहे. सारखं उचलावं लागतं, म्हणून तर दाराशी ठेवतो.”

“आणि काचेत काय ठेवता?”

दालिसायने आवाज खाली आणला. “जे कुणी मागतच नाही ते. धूळ बसते हो नुसती.”

मेडिंगला गुदगुल्या झाल्या. अशा गुदगुल्या तिला चाळीस वर्षांत झाल्या नव्हत्या. आता हे पासिताला तोंडावर ऐकवायचं! ती तरातरा दालनाच्या मधोमध गेली. काय बोलायचं तेही ठरलं होतं.

पासिताने वळूनही पाहिलं नाही. “इथून काचेत तुझा चौथरा दिसतो बघ,” ती म्हणाली. “दर रविवारी येते मी. कधी बघावं तर रिकामा. माझ्या भोंग्याला चार वर्षांत कुणी विचारलंसुद्धा नाही गं. सगळ्यांकडे आता मोठाले स्पीकर असतात.” तिने नाक पुसलं. “जळते मी तुझ्यावर, मेडिंग. खरंच जळते.”

ठरवलेलं वाक्य मेडिंगने सोडून दिलं. हे दुखणं कसं असतं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दालिसायकडे वळून तिने साऱ्या दालनाला ऐकू जाईल असा आवाज लावला.

“ए पोरी! माझं पातेलं यापुढे एकटं द्यायचं नाही. नेणाऱ्याने हा भोंगापण न्यायचा. ही माझी अट!”

“पण का, आजी?”

“का म्हणजे? पेज शिजल्यावर लोकांना जेवायला हाक कोण मारणार?”