कळशीभर पाणी

कातळसड्यावरचं डबकं पार आटलेलं बघून द्वारका भरली कळशी घेऊन तशीच घरी परतली. पावसानं दडी मारल्यापासून रोज संध्याकाळी ती त्यात पाणी ओतायची. भेकांची पिल्लं शेपट्या हलवत पोहत होती ना आत!

"परसातल्या मिरच्या माना टाकतायत आणि ही बेडकांना पाणी घालते," नवरा गावभर सांगायचा.

"गेली हो सगळी. कावळ्यांनी खाल्ली," ती हताशपणे म्हणाली.

"कावळ्यांनी कसली! पाय आलेत त्यांना. हरभऱ्याएवढी झालीत. सकाळीच उड्या मारत रानात गेली."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

तो ओशाळला. "म्हशी तिकडूनच येत होत्या. चिरडली असती बिचारी. मी अडवून उभा होतो."

द्वारकाला हसू फुटलं. भरली कळशी तिनं मिरच्यांना ओतली.