माहेरचं नाव

"ती खुर्ची उचल म्हटलं ना, फर्गल," ब्रीद पुटपुटली.

धाकट्या भावानं आई आणि ब्रीद यांच्यामधली रिकामी खुर्ची उचलली. आईनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानं ती होती तिथं ठेवली.

समोर उघड्या शवपेटीत बाबा होते. सकाळपासून गाव लोटलं होतं. येणारा आधी पेटीपाशी थांबे, बाबांच्या गार हातावर हात ठेवी, मग ओळीनं बसलेल्या घरच्यांचे हात हाती घेई. आधी आई, मग वयानुसार मुलं. शेजारचा पॅकी बाबांकडे पाहून म्हणाला, टायग इतका वेळ गप्प बसलेला मी आजच पाहतोय. सगळे हसले. ब्रीदचं लक्ष दाराकडे होतं.

दोन वर्षांपूर्वी तिनं बाबांना फोनवर बोलताना ऐकलं होतं. "मी आहे तोवर या दारात यायचं नाही, पोरी." फोन ठेवून ते एवढंच म्हणाले, की आईला यातलं काही सांगू नकोस. ब्रीद काय ते समजली. बाबांना बाहेर कुठंतरी एक मुलगी होती. तिनं ते पोटात ठेवलं.

आता बाबा नव्हते. त्यात आईचा हट्ट. रेडिओवर सकाळी निधनाच्या बातम्या वाचतात, त्यात आपलं माहेरचं नावही आलंच पाहिजे. साऱ्या मेयो परगण्यानं ते ऐकलं असणार.

दुपारी अंगणात मोटार थांबली. ओल्या कोटातली, साठीला टेकलेली बाई उतरली. ओळखीची नव्हती. ब्रीद धावत दारात गेली.

"आज नको, बाई. निदान माझ्या आईचा तरी विचार करा."

"तोच करून आलेय," ती म्हणाली आणि तिच्या बाजूनं आत शिरली.

बाबांशी बांधावरून भांडलेले लोकसुद्धा आज पेटीपाशी थांबले होते. ही थांबली नाही. तिनं बाबांकडे पाहिलंदेखील नाही. सरळ आईसमोर जाऊन उभी राहिली. खोलीतले चहाचे कप हातातच राहिले.

आईनं रिकाम्या खुर्चीवरून हात फिरवला.

"रेडिओवर माझं माहेरचं नाव ऐकलंस ना? तुझ्या जन्मदाखल्यावर तेच आहे. तू ओळखावंस म्हणूनच वाचायला लावलं," ती म्हणाली. "बस, बाळ. थोरलीची जागा आहे ती."