चारची नोंद

आईच्या पलंगाला एक तक्ता टांगलेला असतो. दर दोन तासांनी कूस बदलली, अंग पुसलं, पाणी पाजलं, आणि पुढे आयाबाईंची सही. या वृद्धाश्रमात अख्खा दिवस सकाळीच उरकलेला असतो.

“चाळीस पलंग आणि मी एकटी, दादा. चहा पिता पिता रात्रीपर्यंतच्या सह्या करून टाकते. या दोन हातांनी किती जणांच्या कुशी बदलू?” आयाबाई म्हणाल्या.

कागदावर आई ठणठणीत होती. मी तिला उचललं, तर पाठीची कातडी चादरीला चिकटून आली.

“ही दोन वाजता बदललेली कूस का?” मी तक्ता आयाबाईंच्या नाकासमोर धरला, आणि चारची ओळ दिसली. अक्षर त्यांचंच: ‘चादर काढली. पलंग धुतला.’ खालच्या ओळी कोऱ्या.

“हे मी नाही लिहिलं,” त्या पुटपुटल्या. “मी सगळं भरलं होतं.”

चारला पाच मिनिटं कमी होती. आईने माझं बोट घट्ट धरलं.

आयाबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. मजल्यावर कामाला दुसरं कुणीच नव्हतं. तरी बाहेर भरलेली बादली फरशीवरून घासत आमच्या दाराकडे येत होती.