चहा ठेवू का?

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचं मन मृण्मयीने पायथन या संगणकभाषेत लिहून स्वयंपाकघरातल्या स्पीकरमध्ये घातलं होतं, पण एकेका उत्तराला अकरा सेकंद लागत. "जिवंतपणी यांनी कधी एवढा विचार करून तोंड उघडलं नाही," आई कुरकुरायची.

म्हणून मृण्मयीने तोच प्रोग्राम जसाच्या तसा सी भाषेत उतरवला आणि दोन्हींची रीतसर तुलना केली. दोन्हीकडे एकच चाचणी, हजार वेळा. बाबांना सुरू करायचं, "चहा ठेवू का?" विचारायचं, उत्तर आलं की बंद करायचं. सीची सरासरी आली सेकंदाचा दहावा भाग. उत्तरं तिने वाचलीच नाहीत, वेळ तेवढा बघितला.

"बोल आता," ती आईला म्हणाली.

"अहो, चहा ठेवू का?"

स्पीकर गप्प. दहा सेकंद गेले, वीस गेले. मृण्मयीने घाईघाईने चाचणीची नोंद उघडली. पहिलं उत्तर होतं, "ठेव, साखर कमी." तीनशेवं होतं, "ठेव, पण लगेच जाऊ नकोस." मग तिच्या लक्षात आलं. फेरी संपली की पायथन बाबांची त्या फेरीची आठवण आपणहून पुसून टाकायचं. सीमध्ये पुसायची ओळ स्वतः लिहावी लागते, आणि तिने ती लिहिलीच नव्हती.

"अहो, रागावलात का?" आईने विचारलं.

"नाही गं, शैला," बाबा ताबडतोब म्हणाले. "चहाचं उत्तर दिलं की अंधार होतो."