बिल्ला नंबर तीनशे बारा

अनुश्रीनं घड्याळ पाहिलं. अडीच. पाचपर्यंत साइट साफ झाली नाही तर आम्ही ती बंद करू, असा होस्टिंग कंपनीचा मेल सकाळीच आला होता.

साइट आजोबांच्या कापड मिलच्या झांकीची, म्हणजे मिरवणुकीतल्या चित्ररथाची. मिल बंद पडून सतरा वर्षं झाली, झांकी मात्र दर अनंत चतुर्दशीला निघतच राहिली. साइटवर तिचे जुने फोटो आणि खाली अभिप्रायाची वही. ही वही अनुश्रीनं एका फुकटच्या प्लगइनवर उभी केली, आणि त्या प्लगइनलाच भोक निघालं. लिहिणारा माणूस आहे की मशीन, हे तपासणारी चौकी चुकवून कुणीही आत शिरत होतं. पंधरा दिवसांत अकराशे चाळीस निरोप.

आजोबा, म्हणजे शंकरराव, खूश होते. "रशियातून लिहितात आपल्या हत्तीबद्दल!" असं त्यांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं.

"आजोबा, ती औषधांची जाहिरात आहे. पूरा कचरा. मी सगळं उडवते आणि प्लगइन बदलते."

"न बघता?"

"अहो, अकराशे चाळीस आहेत!"

"मी एकतीस वर्षं मिलमध्ये कापडाचं थान तपासलंय, बेटा. न बघता एक वार पास केला नाही, न बघता फेकलाही नाही."

वही कशासाठी होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. झांकीतला सोंड हलवणारा हत्ती केला होता आजोबांचे मिलमधले दोस्त जयसिंगराव यांनी. मिल बंद झाल्यावर ते काम शोधत सुरतेला गेले आणि त्यांचा पत्ताच हरवला. तेव्हापासून हत्ती सोंड लोंबकळत ठेवून मिरवणुकीत फिरत होता. दुरुस्तीला दहा जण येऊन गेले, कुणाला काही कळलं नाही. कधीतरी जयसिंग हे फोटो बघेल आणि वहीत काही लिहील, एवढी एकच आशा शंकररावांनी धरली होती. अनुश्रीनं वहीत जयसिंगरावांचं नाव मराठीत शोधलं, इंग्रजीत शोधलं. कुठेच नव्हतं.

शंकररावांनी खुर्ची ओढली, लाकडी पट्टी स्क्रीनला आडवी लावली आणि एकेक ओळ वाचायला घेतली.

"पुढे. घड्याळ विकतोय. पुढे. हा कर्ज देतोय. पुढे."

अनुश्री दोनदा चहा करून आली. साइट गेली असती तर फोटोही गेले असते आणि आजोबांची आशाही.

चार चाळीसला पट्टी थांबली.

इंग्रजी अक्षरांत, मोडक्यातोडक्या स्पेलिंगमध्ये एकच ओळ होती. 'सोंड हलते का? ३१२.' खाली मोबाइल नंबर.

"नाव नाही, नुसता आकडा. फोटो बघून कुणीतरी चेष्टा केलीय," अनुश्री म्हणाली.

शंकरराव उठून उभे राहिले. "अगं, जयसिंगचा बिल्ला नंबर! मिलच्या गेटवर दाखवायचा बिल्ला! गाढव कुठेही स्वतःचं नाव लिहायचा नाही, नंबरच लिहायचा. माझ्या लग्नातल्या भेटीवरसुद्धा तीनशे बाराच लिहिलं होतं."

अनुश्रीला इतका आनंद झाला की फोन लावताना नंबर दोनदा चुकला.

"हां, कोण?" पलीकडून थकलेला आवाज.

"दोनशे सत्त्याण्णव!" शंकरराव ओरडले.

पलीकडे कुणीतरी नुसतंच हसत राहिलं, बराच वेळ.

"आजोबा, उरलेले दीडशे बघायचेत?"

"उडव गं!" आयुष्यात पहिल्यांदाच शंकररावांनी माल न बघता सोडला.

पाचला पाच मिनिटं कमी असताना अनुश्रीनं अकराशे एकोणचाळीस निरोप पुसले, एक ठेवला आणि भोक बंद केलं. मग ती मागे वळली.

"नाही रे हलत, भिया," आजोबा फोनवर सांगत होते, "सतरा वर्षं झाली, जरासुद्धा हलत नाही." आणि सांगताना त्यांचा उजवा हात नाकासमोर वर जात होता, खाली येत होता, पुन्हा वर जात होता.