उडीचा तक्ता

संगणकाचा मराठी आवाज पहिल्याच शब्दाला बंद पडला. साक्षीनं इंग्रजी आवाज लावून चूक सांगणारा संदेश पुन्हा ऐकला. तेच. प्रोग्रामची उडी भलत्याच जागी.

साक्षी राठोड जन्मापासून दृष्टिहीन. पुसेगावजवळच्या तांड्यावरून ती हिंगोलीच्या एका शाळेत जायची, तिथल्या सात दृष्टिहीन पोरांना संगणक शिकवायची. पोरं याच आवाजावर पुस्तकं ऐकायची. शाळेत नवे संगणक आले आणि आवाज मुका झाला. दहावीची परीक्षा पंधरा दिवसांवर होती. आवाजाची ही लायब्ररी, म्हणजे तो चालवणारा प्रोग्रामचा संच, पुण्याच्या एका निवृत्त इंजिनिअरनी असेंब्ली या संगणकाच्या भाषेत लिहिली होती. आता माझ्यानं होत नाही, जमलं तर तुम्हीच बघा, असं त्यांनी कळवलं.

असेंब्ली ती ऐकून ऐकूनच शिकली होती. दोष तिला सापडला होता. कोणतं अक्षर आलं की कुठं उडी मारायची, याचा आत एक तक्ता होता, आणि त्यात संगणकाच्या मेमरीतले पक्के पत्ते होते. जुन्या संगणकात लायब्ररी कायम एकाच जागी बसायची. नव्यात दर वेळी जागा बदलायची, पत्ते मात्र जुनेच. एवढं कळूनही चार दिवस तिला उपाय सुचत नव्हता.

त्यात आदल्या दिवशीच घरचे सगळे नव्या घरकुलात राहायला आले होते. ती वैतागून खाटेवरून पाणी प्यायला उठली. सवयीनं सहा पावलं गेली, हात पुढं केला. माठ हाताला लागला. ती थबकली. दार दुसरीकडं, भिंती वेगळ्या, पण माठ सहाच पावलांवर.

"याडी, माठ इथं कुणी ठेवला?"

"मीच," चुलीपाशी बसलेली तिची आई, रूपाबाई म्हणाली. "सगळं तुह्या खाटंपासून मोजून ठेवलं. घर कुठं बी असू दे, खाटंपासून पावलं बराबर पाहिजेत."

साक्षी पाणी न पिताच माघारी फिरली.

तिनं तक्त्यातले सगळे पत्ते खोडले. प्रत्येक खान्यात तक्त्यापासूनचं अंतर लिहिलं. आधी तक्ता आत्ता कुठं बसलाय ते शोधायचं, त्यात अंतर मिळवायचं, मग उडी. दुपारी आवाज बोलायला लागला. 'ज्ञ'ला अडखळला. तिथलं एक अंतर चुकलं होतं, तेही तिनं सुधारलं.

परीक्षेला आठ दिवस असताना शाळेतली पोरं पुन्हा पुस्तकं ऐकू लागली. इंजिनिअरनी बदल तपासून ठेवून घेतला आणि लायब्ररीच्या लेखकांत कुणाची नावं घालू, असं विचारलं.

नवी लायब्ररी आली त्या दिवशी साक्षीनं आईला संगणकापाशी बसवलं आणि लेखकांची यादी लावली. रूपाबाईला वाचता येत नव्हतं. शहरातल्या अनोळखी माणसांची नावं ती ऐकत राहिली.

"साक्षी खेमा राठोड," आवाज शेवटी म्हणाला, "आणि रूपाबाई खेमा राठोड."