ओढणीतलं बोट

रऊफ टेलरच्या बोटाला सुई टोचली आणि रक्त काही थांबेना. हुस्नाबानो ते बोट आपल्या ओढणीत घट्ट दाबून नवऱ्याला मंगरूळपीरला डॉक्टरांकडे घेऊन आली. हृदयाच्या झडपेसाठी तो रक्त पातळ करायची गोळी घ्यायचा. मुलीच्या निकाहात स्वतःच्याच लग्नातली शेरवाणी घालायचा त्याचा हट्ट होता, पण शिलाईतलं सगळं कापड सोडूनही ती पोटावर बसेना. म्हणून हुस्नाबानो वजन उतरवायच्या कॅप्सुल गुपचूप त्याच्या चहात फोडू लागली. काल बटणं लागली, तेव्हा तो आरशापुढं लाजला. डॉक्टर म्हणाले, “रक्त फारच पातळ झालंय. आणखी कसलं औषध घेताय?” पर्समधली कॅप्सुलची डबी हुस्नाबानोनं कोपरानं दाबून धरली. रऊफ हसला. “कसलं औषध, साहेब? मी तं इच्या हातचा सोडून कोनाचा चहाबी पेत नाही. इलेच इचारा.” मुठीतली ओढणी भिजतच होती.